व्याधीचा वर्ण आणि छायाचित्राची साक्ष : एक्स्पोजर व फ्लॅश ब्रॅकेटिंगचा चिकित्सालयीन उपयोग

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी दर्शनाचा काही अंश आज आपण छायाचित्राकडे सोपविला आहे. त्वचाविकार, व्रण, जिव्हा, नेत्र यांच्या नोंदी कॅमेऱ्याने होतात, चर्चासत्रांत त्या पडद्यावर दाखविल्या जातात आणि चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर अशी चित्रांची जोडी लेखासोबत पाठविली जाते. स्पर्शाने कळणारे खरत्व, उष्णता, शोथाचे काठिन्य हे काही छायाचित्रात उतरत नाही. उतरतो तो आकार आणि वर्ण. त्यांपैकी आकार कॅमेरा बऱ्यापैकी इमानाने नोंदवितो. वर्ण मात्र तो स्वतःच्या अनुमानाने नोंदवितो, आणि हे अनुमान चित्रागणिक बदलते. व्यंगाची छटा औषधाने फिकट झाली की दुसऱ्या चित्राच्या वेळी प्रकाशच अधिक होता, याचा उलगडा नुसती जोडी पाहून होत नाही.

या अडचणीवर छायाचित्रकारांचा एक जुना उपाय आहे, तो म्हणजे ब्रॅकेटिंग. रंगीत स्लाइड फिल्मच्या काळात प्रकाशाच्या मापातील अल्पशी चूकही त्या फिल्मला सोसत नसे, आणि फिल्म धुऊन येईपर्यंत ती चूक कळतही नसे. म्हणून महत्त्वाचे दृश्य एकदा मापाप्रमाणे, एकदा त्याहून कमी आणि एकदा त्याहून अधिक प्रकाश देऊन टिपण्याचा परिपाठ होता. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र तत्काळ दिसते, तेव्हा आता या खटाटोपाची गरज उरली नाही, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. चिकित्सालयात ब्रॅकेटिंगचा उपयोग तीनांतून देखणे चित्र निवडण्यासाठी नाही. पहिल्या भेटीच्या चित्राशी खरोखर तुलना करता येईल असे एक तरी चित्र प्रत्येक भेटीतून हाती राहावे, यासाठी तो आहे. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच.

कॅमेऱ्याचे अनुमान

एक्स्पोजर म्हणजे सेन्सरवर पडू दिलेल्या प्रकाशाची मात्रा. ती भिंगाच्या छिद्राने, म्हणजे ॲपर्चरने, आणि शटरच्या वेळेने ठरते. आयएसओ हा आकडा त्या मात्रेतून चित्र किती उजळ तयार करावयाचे ते ठरवितो. मात्रा दुप्पट किंवा निम्मी झाली की एक स्टॉपचा फरक झाला असे म्हणतात. ॲपर्चरच्या २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पुढच्या आकड्यावर प्रकाश निम्मा होतो. शटर १/६० वरून १/१२५ वर नेला तरीही तो निम्मा होतो. एवढे गणित ध्यानात असले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. समोरचा पदार्थ मुळात काळा आहे की पांढरा, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठविणारे आहे, असे गृहीत धरून तो मात्रा ठरवितो. याचा प्रत्यय घेण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. एका बशीत कज्जली आणि दुसऱ्या बशीत शंखभस्म घ्यावे. दोन्ही बशा एकाच खिडकीपाशी ठेवून, प्रत्येक द्रव्याने पूर्ण चौकट व्यापेल अशा बेताने, कॅमेरा स्वयंचलित ठेवून एकेक चित्र घ्यावे. कज्जली करडी दिसेल आणि शंखभस्मही करडे दिसेल. दोन चित्रे शेजारी ठेवली तर कोणते कशाचे हे सांगताना विद्यार्थी अडखळतात. कज्जलीला खरा काळेपणा देण्यासाठी मात्रा दीड ते दोन स्टॉप कमी करावी लागते, आणि शंखभस्माला जवळपास तितकीच वाढवावी लागते.

आता बशीच्या जागी रुग्णाची पाठ आहे असे समजावे. चरकांनी इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात असे शरीराचे प्रकृतिवर्ण सांगितले आहेत. कॅमेऱ्याला हा भेद मान्य नाही. कृष्णवर्णी रुग्णाची पाठ चौकटभर आली की तो तिला उजळ करतो, आणि अवदात रुग्णाची पाठ काळवंडवितो. अतिशय गोरी त्वचा ग्रे कार्डाहून साधारण एक स्टॉप उजळ धरावी, हा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे; सावळ्या त्वचेला उलट बाजूने दुरुस्ती लागते. पांढरी चादर, हिरवा पडदा, रुग्णाचा काळा सदरा यांपैकी काहीही चौकटीत शिरले की मापकाचे अनुमान पुन्हा बदलते. पहिल्या भेटीत रुग्ण गडद सदऱ्यात आला आणि तिसऱ्या भेटीत पांढऱ्या बनियनवर, एवढ्यानेच व्यंग अधिक गडद झाल्याचा भास होऊ शकतो. रोगाचे वर्णन करताना आपण श्याव, ताम्र, अरुण, कृष्ण अशा छटा तोलून मापून लिहितो; मग ज्या चित्राच्या आधारे त्या लिहावयाच्या त्याची मात्रा कॅमेऱ्याच्या लहरीवर सोडणे युक्त नव्हे.

एक्स्पोजर ब्रॅकेटिंग

बहुतेक डीएसएलआर व मिररलेस कॅमेऱ्यांत ही सोय अंगभूत असते. ती लावली म्हणजे कॅमेरा पाठोपाठ तीन चौकटी घेतो : एक मापाप्रमाणे, एक कमी, एक अधिक. काही कॅमेऱ्यांत पाच वा सात चौकटीही घेता येतात, परंतु रुग्णाच्या बाबतीत तीन पुरेशा आहेत. दोन चौकटींतील अंतर स्टॉपच्या एक तृतीयांशापासून पुढे ठरविता येते. त्वचेसाठी आम्ही दोन तृतीयांश स्टॉप ठेवतो. एक तृतीयांशाचा फरक छोट्या पडद्यावर डोळ्यांना जाणवत नाही, आणि पूर्ण स्टॉप ठेवला तर खरी मात्रा दोन चौकटींच्या मध्ये हरवून जाते.

मात्रा कमीअधिक करताना कॅमेरा नेमके काय बदलतो, हे मात्र आपण ठरविले पाहिजे. ॲपर्चर प्रायॉरिटी या पद्धतीत ॲपर्चर स्थिर राहून शटर बदलतो. समजा एफ/८ ला मापकाने १/६० सांगितले आणि अंतर एक स्टॉपचे आहे. तर कमी मात्रेची चौकट १/१२५ ला व अधिक मात्रेची १/३० ला घेतली जाईल. १/३० ला हातातील कॅमेरा हलण्याची शक्यता असते, म्हणून ट्रायपॉड हवा. शटर प्रायॉरिटी ठेवली तर उलट होते. शटर स्थिर राहतो आणि ॲपर्चर ५.६, ८, ११ असा फिरतो. त्यासरशी पुढून मागे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहील हेही प्रत्येक चौकटीत बदलते. किटिभाची उंचावलेली, खर कडा एका चौकटीत ठसठशीत आणि दुसऱ्या चौकटीत मवाळ दिसते. रोग ओसरत असतानाही कडा अशाच मवाळ होतात, तेव्हा हा घोटाळा टाळलाच पाहिजे. त्वचेसाठी ॲपर्चर प्रायॉरिटीच ठेवावी. आयएसओ स्वयंचलित ठेवू नये. नाही तर शटरऐवजी आयएसओ बदलून कॅमेरा आपले काम उरकतो आणि प्रत्येक चौकटीत कणांचा खरखरीतपणा निराळा येतो.

तिन्ही चौकटी एका दमात घ्याव्यात. सलग चित्रणाची पद्धत लावून बटण दाबून ठेवले की तीन चौकटी होतात. कित्येक कॅमेऱ्यांत दोन सेकंदांचा टायमर लावला असता एकदाच दाबून तिन्ही मिळतात, आणि हात न लागल्याने कॅमेराही हलत नाही. छाती व उदर यांवरील मंडलांचे चित्र घेताना रुग्णास श्वास सोडून क्षणभर थांबण्यास सांगावे. चौकटींचा क्रम कमी, मापाप्रमाणे, अधिक असा लावून ठेवणे सोयीचे. पुढे संगणकावर पाहताना गोंधळ होत नाही. शिवाय, काही कॅमेऱ्यांत एकदा लावलेले ब्रॅकेटिंग कॅमेरा बंद करूनही तसेच राहते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वाढदिवसाची दर तीनांतील दोन चित्रे बिघडली म्हणजे त्याची आठवण होते.

फ्लॅश : दोन प्रकाश, दोन मात्रा

पावसाळ्यात दुपारी चार वाजता चिकित्सालयात पुरेसा उजेड नसतो, म्हणून फ्लॅश लागतो. येथे विषय थोडा गहन होतो, आणि आमच्या मते वैद्यांना सर्वाधिक उपयोगी भागही हाच आहे.

फ्लॅशने घेतलेल्या चित्रात वस्तुतः दोन प्रकाश असतात : खोलीतील आणि फ्लॅशचा. फ्लॅशचा लखलखाट अत्यल्प काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. त्यामुळे शटर १/६० असो की १/१२५, फ्लॅशचा सगळा प्रकाश आत येतोच. फक्त कॅमेऱ्याने आखून दिलेल्या, बहुधा १/२०० किंवा १/२५० च्या मर्यादेहून शटर जलद ठेवू नये. म्हणजे शटर बदलल्याने खोलीच्या प्रकाशाची मात्रा बदलते, फ्लॅशची बदलत नाही. फ्लॅशची मात्रा बदलते ती त्याच्या शक्तीने आणि अंतराने. ॲपर्चर व आयएसओ दोन्ही प्रकाशांवर सारखेच लागू पडतात. हे न समजल्यामुळे अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून शटरच्या आधारे मात्रा बदलू पाहणाऱ्यास तिन्ही चित्रे जवळजवळ सारखी मिळतात आणि कॅमेरा बिघडला असे त्याला वाटते.

फ्लॅश ब्रॅकेटिंगमध्ये खोलीच्या प्रकाशाची मात्रा तशीच ठेवून केवळ फ्लॅशची शक्ती तीन चौकटींत कमीअधिक केली जाते. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत एक्स्पोजर आणि फ्लॅश दोन्ही, केवळ एक्स्पोजर, किंवा केवळ फ्लॅश असे पर्याय मेनूत असतात. कॅननमध्ये फ्लॅश सज्ज असताना एक्स्पोजर ब्रॅकेटिंग चालत नाही. वरच्या श्रेणीतील बाह्य फ्लॅशवर मात्र फ्लॅश ब्रॅकेटिंगची सोय असते. दोन्ही एकदम बदलणारा पर्याय आम्ही कधीच निवडत नाही. दोन नवी औषधे एकाच दिवशी सुरू केल्यावर गुण कशाचा आणि उपद्रव कशाचा हे जसे सांगता येत नाही, तसेच ते आहे.

ही सोय नसलेल्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. ज्या फ्लॅशची शक्ती हाताने १/२, १/४, १/८ अशी ठरविता येते, त्यावर प्रत्येक टप्पा एकेका स्टॉपचा असतो आणि तीन चित्रे हातानेच घेता येतात. किती शक्ती लागेल याचा अंदाज फ्लॅशच्या गाइड नंबरवरून येतो. या अंकाला मीटरमधील अंतराने भागले की आयएसओ १०० साठीचा ॲपर्चर मिळतो. कॅमेऱ्यातच असलेल्या लहान फ्लॅशचा गाइड नंबर १२ धरला, तर अर्ध्या मीटरवरून १२ भागिले ०.५ म्हणजे २४, अर्थात जवळपास एफ/२२ येतो. आपणांस एफ/११ ठेवावयाचा असेल तर सुमारे एक चतुर्थांश शक्ती पुरे. मग १/२, १/४ आणि १/८ अशा तीन चौकटी घ्याव्यात.

अंतराचे महत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. ५० सेंटिमीटरवरून ७० सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम एक वीत मागे सरकले, तरी प्रकाश निम्मा होतो. रुग्ण खुर्चीत किंचित मागे रेलला तरी पुरे! फ्लॅश स्वयंचलित असेल तर तो ही भरपाई स्वतः करू पाहतो, परंतु त्याचे मापही करड्या रंगाच्या त्याच गृहीतकावर चालते आणि शेजारच्या पांढऱ्या व्रणपट्टीने फसते. आम्ही कॅमेऱ्याच्या पट्ट्याला ५० सेंटिमीटर लांबीचा जाड दोरा बांधून ठेवला आहे. त्याचे टोक विकृत भागाच्या शेजारी धरावयाचे, कॅमेरा मागे नेऊन दोरा ताणला गेला की टोक सोडून द्यावयाचे आणि चित्र घ्यावयाचे. संसर्गाच्या भीतीने ते टोक व्रणाला लागू देऊ नये, हे सांगणे न लगे.

फ्लॅश लावून सलग चित्रण करू नये. एका लखलखाटानंतर त्याला पुन्हा भारित होण्यास काही सेकंद लागतात. घाई केली तर तिसऱ्या चौकटीला अपुरा प्रकाश मिळतो आणि अधिक मात्रेची चौकट कमी मात्रेची होऊन बसते. सज्जतेचा दिवा लागल्यावरच पुढची चौकट घ्यावी.

जिव्हा, व्रण आणि श्वित्र

ओल्या, स्निग्ध पृष्ठभागावर फ्लॅशची तिरीप पडते. जिव्हेवर तिचे पांढरे ठिपके उमटतात आणि भोवतालचा भागही फिकट होतो. चित्रात पाहणाऱ्यास ही जिव्हा लिप्त, साम वाटते. जिव्हेसाठी आम्ही ब्रॅकेटिंगचा मध्यच एक स्टॉप खाली ठेवतो. म्हणजे चौकटी शून्य, उणे एक आणि उणे दोन अशा होतात. उणे एकच्या चौकटीत खरा लेप आणि तिरीप बहुधा वेगळी दिसू लागतात, कारण लेप जिव्हेच्या अंकुरांना धरून असतो आणि तिरीप फ्लॅशच्या आकाराची असते. फ्लॅशवर पातळ ट्रेसिंग कागद लावल्यासही तिरीप सौम्य होते, मात्र प्रकाशही घटतो, तेव्हा मात्रा नव्याने ठरवावी.

व्रणाच्या बाबतीत वर्णाला किती महत्त्व आहे, हे वाचकांस सांगावयास नको. शुद्ध व्रणाचा वर्ण जिव्हातलासारखा असतो आणि भरत येणाऱ्या व्रणाच्या कडा पारव्याच्या वर्णाच्या असतात, असे सुश्रुतांचे निरीक्षण आहे. ही दोन्ही लक्षणे छायाचित्रात पुसली जाण्यास अगदी थोडी अधिक मात्रा पुरते. व्रणतलाच्या तांबडेपणात सेन्सरची लाल वाहिनी सर्वांत आधी काठोकाठ भरते. एकदा ती भरली की पुढे लालीतील तरतम भाव उरत नाही, अंकुरांचे बारीक कण दिसेनासे होतात आणि तळ सपाट गुलाबी वा नारिंगी भासतो. पारव्या रंगाची कड तर भोवतालच्या त्वचेत विरून जाते. एकच आलेख दाखविणाऱ्या हिस्टोग्रामवर हा दोष कळत नाही. लाल, हिरवा व निळा असे तीन वेगळे आलेख दाखविणारा हिस्टोग्राम उघडावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला आहे काय ते पाहावे. टेकला असेल तर ती चौकट व्रणाच्या वर्णासाठी निरुपयोगी समजावी, मग ती दिसावयास कितीही स्वच्छ असो.

श्वित्राचे उदाहरण अधिक बोलके आहे. आमच्या परिचयातील एका वैद्यांकडे पायावर श्वित्रमंडल असलेला एक महाविद्यालयीन तरुण चिकित्सा घेत होता. काही महिन्यांनी मंडलात रोमकूपांभोवती मोहरीएवढे फिकट तपकिरी ठिपके दिसू लागले. वैद्यांना ते खिडकीपाशी दिसले. रुग्णास मात्र पाय वाकवून नीट पाहता येत नव्हते. त्याने घरी रात्री मोबाइलचा फ्लॅश लावून जवळून चित्र काढले, तीन महिन्यांपूर्वी दिवसा काढलेल्या चित्राशी ताडून पाहिले, आणि मंडल पूर्वीहून पांढरे व मोठे झाले अशी त्याची खात्री पटली. त्याने येणे बंद केले. पुढे त्याच्या वडिलांच्या आग्रहाने तो एकदा आला, तेव्हा त्या वैद्यांनी फ्लॅश ब्रॅकेटिंगने तीन चौकटी घेतल्या. अधिक मात्रेच्या चौकटीत त्याच्या घरच्या चित्रासारखेच निर्भेळ पांढरे मंडल होते, आणि कडेची अर्धवट फिकट त्वचाही त्यात मिसळून गेल्याने ते मोठे भासत होते. मापाप्रमाणे घेतलेल्या चौकटीत काही ठिपके पुसट होते. उणे एकच्या चौकटीत ते मोजता आले, आणि वडिलांनी ते पडद्यावर बोट ठेवून मोजले. तिन्ही चौकटी एकाच मिनिटातल्या, एकाच पायाच्या होत्या. तरुण पुन्हा येऊ लागला. त्या चिकित्सेचे अंतिम फल काय, हा येथे विषय नाही.

निवड कार्डाने करावी

येथवर वाचून एखाद्या चाणाक्ष वाचकाच्या मनात शंका आली असेल. तीन चौकटी हाती असल्या म्हणजे चिकित्सेपूर्वीची गडद चौकट आणि चिकित्सेनंतरची उजळ चौकट निवडून व्यंग बरे झाल्याचे चित्र सहज उभे करता येईल; मग ब्रॅकेटिंग हे प्रामाणिकपणाचे साधन की लबाडीचे? शंका रास्त आहे. हेतू शुद्ध असतानाही डोळा आपल्याला हवी ती चौकट निवडतो. म्हणून निवड विकृत भागाकडे पाहून करू नये, असा नियम आम्ही पाळतो.

विकृत भागाच्या शेजारी, त्याच पातळीत, प्रकाशाकडे त्याच कोनात वळलेला ग्रे कार्डाचा एक लहान तुकडा ठेवावा. १९७६ साली प्रचारात आलेले २४ रंगचौकोनांचे कलरचेकर मिळाल्यास उत्तम, कारण त्यावरून रंगछटांचीही पारख होते. पण साधे ग्रे कार्डही मात्रेपुरते काम भागविते. संगणकावर चित्र उघडून कार्डाच्या भागाचे मूल्य पाहावे. प्रचलित एसआरजीबी वर्णव्यवस्थेत १८ टक्के करडा म्हणजे २५५ पैकी सुमारे ११८. पहिल्या भेटीच्या तीन चौकटींतून जिच्यात कार्डाचे मूल्य या अंकाच्या सर्वांत जवळ आहे ती घ्यावी; पुढील प्रत्येक भेटीतही तसेच करावे. या वेळी व्याधीचा भाग कागदाने झाकून ठेवला तर उत्तमच. जिव्हेच्या व व्रणाच्या सूक्ष्म लक्षणांसाठी कमी मात्रेची चौकट दाखवावयाची असेल तर दोन्ही भेटींची तीच चौकट दाखवावी आणि चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे. तिन्ही चौकटी, निवडलेली व न निवडलेल्या, रुग्णाच्या नोंदीत जतन कराव्यात. रुग्णाची लेखी संमती आणि चेहरा ओळखू न येण्याची दक्षता याविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही.

रॉ स्वरूपात चित्र घेतले तर मात्रा मागाहून सुधारता येते, मग तीन चौकटींचा भार कशाला, असेही विचारले जाते. जेपेग चित्रात प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या असतात. रॉमध्ये १२ बिटला ४०९६ आणि १४ बिटला १६३८४. त्यामुळे कमी पडलेली मात्रा रॉमधून बरीच भरून काढता येते, हे खरे आहे, आणि कार्डाच्या मूल्यातील उरलेला किरकोळ फरक संपूर्ण चित्राला सारखा लावून मिटवावा तो रॉमधूनच. परंतु काठोकाठ भरलेली लाल वाहिनी रॉमध्येही बहुधा परत येत नाही. आणि खोलीचा प्रकाश व फ्लॅशचा प्रकाश यांचे चित्र घेताना ठरलेले प्रमाण मागाहून कोणत्याही उपायाने बदलत नाही. फ्लॅश ब्रॅकेटिंगला पर्याय नाही तो यासाठी.

मोबाइल आणि वनस्पती

आज बहुसंख्य वैद्य मोबाइलनेच चित्र घेतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र पुष्कळ मोबाइल एका दाबात अनेक चौकटी घेऊन त्यांचे आपोआप मिश्रण करतात, गडद भाग उजळवितात, उजळ भाग दाबतात. निसर्गदृश्याला ते शोभते. मंडल आणि भोवतालची त्वचा यांतील भेद मात्र त्याने बदलू शकतो. त्वचा गुळगुळीत करणारी सौंदर्यसुविधा तर प्रथम बंद करावी. एचडीआर बंद करता येत असेल तर करावे. प्रो या नावाची पद्धत असल्यास शटर व आयएसओ हाताने ठरवावेत. ती नसल्यास पडद्यावर बोट दाबून मात्रा स्थिर करावी आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण खालीवर सरकवून तीन चित्रे घ्यावीत. हेही ब्रॅकेटिंगच झाले. मोबाइलचा एलईडी दिवा मात्र चिकित्सालयात वापरू नये, खिडकी बरी.

द्रव्यगुणाच्या अभ्यासासाठी वनस्पतींची चित्रे घेणाऱ्यांना हा परिपाठ अधिक सैलपणे वापरता येईल. गर्द हिरव्या पानांत कुटजाची पांढरी फुले असली की मापक पानांकडे पाहून मात्रा वाढवितो आणि पाकळ्या सपाट पांढऱ्या होतात. एकेक स्टॉपच्या तीन चौकटींत पाकळ्यांचा पोत उणे बाजूला आणि पानांच्या शिरा अधिक बाजूला मिळतात. येथे तिन्ही चौकटी संगणकावर एकत्र करण्यासही आमची हरकत नाही. वारा पडलेला असावा एवढेच, अन्यथा फुले तीन जागी दिसतात.

ज्यांच्याकडे आठ-दहा वर्षांपूर्वीची चित्रे साठलेली आहेत त्यांनी ती टाकून देऊ नयेत. मूळ फाइलमध्ये एक्झिफ या नावाची नोंद असते; तीत शटर, ॲपर्चर, आयएसओ, मात्रेतील दुरुस्ती आणि फ्लॅश उडाला की नाही हे सर्व लिहिलेले असते. संगणकावर चित्राचे गुणधर्म उघडले की ते वाचता येते. जोडीतील एक चित्र फ्लॅशचे आणि दुसरे खिडकीपाशी घेतलेले आढळले तर ती जोडी व्रणाच्या आकारासाठी वापरावी, वर्णासाठी वापरू नये. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने चित्र म्हणून पाठविले असता ही नोंद पुसली जाते व चित्रही दाबले जाते. म्हणून लेखासोबतची चित्रे मूळ फाइलच्या स्वरूपात ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत.